बंदी उठली, बारदान पडून

पिंपळगाव बसवंतच्या एका बारदानवाल्या शेठचे हिशोब मी अठरा वर्षं बघतेय. त्यांच्या गोदामात शिरलं की डाव्या हाताला लाल जाळीच्या पिशव्यांच्या गाठी रचलेल्या दिसतात. पाच किलोची पिशवी, दहा किलोची पिशवी. आपल्या मंडईत या पिशव्यांतून कांदा कोणी विकत नाही, त्या दुबई-मलेशियाच्या कांद्यासाठी. दाराजवळ मोठ्या गोण्या असतात, त्या येतात-जातात. लाल गाठी मात्र जागच्या हलत नाहीत. मार्च २०२४ च्या शिल्लक मालात मी १४६ गाठी लिहिल्यात. मार्च २०२५ ला १४१. २०२५ च्या दिवाळीनंतर मोजल्या तर १३८, आणि त्यातली एक उंदरांनी कुरतडलेली.

"मॅडम," शेठ म्हणाले, "कांद्याची निर्यातबंदी उठून दीड वर्ष झालं. एप्रिलपासून निर्यातशुल्क पण शून्य. मग माझा माल का हलू नाही राहिला?"

मी चहा संपवला आणि "बघते" म्हणाले. डॉक्टर लोक जसे "बघू या" म्हणतात तसं. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मी सीए नाही. बी.कॉम. झाले, एका खळ्यावर हिशोबनीस म्हणून लागले, आणि मग हळूहळू लोक आपापल्या वह्या घेऊन घरी यायला लागले. आता नाशिकच्या द्वारकेला एक दहा बाय बाराची खोली आहे, एक मुलगी मदतीला आहे, आणि तीस-बत्तीस पक्षकार आहेत: बारदानवाले, दोन ट्रकमालक, एक पोल्ट्रीवाले, एक ड्रीपचं दुकान, कांद्याची दोन खळी, एक खानावळ. शहरात ज्यांना वाटतं की खळं म्हणजे धान्य मळायची जागा, त्यांच्यासाठी: आमच्याकडे व्यापारी लिलावात घेतलेला कांदा जिथे ओततात, निवडतात, गोणीत भरतात त्या आवारालाही खळंच म्हणतात. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. दादा अजून शेती करतो, साडेचार एकर.

माझ्या वह्यांना एक खोड आहे. समासात मी पेन्सिलीने नोंदी करते. याची सुरुवात नोटाबंदीने झाली. २०१६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात एका पक्षकाराची विक्री निम्म्यावर आली होती. दोन वर्षांनी त्या विवरणपत्राची तपासणी निघाली आणि समोरच्या साहेबांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, या दोन महिन्यांत विक्री का घसरली? ज्या गावात नोटा छापतात त्या गावात बसून हा प्रश्न! तेव्हा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये लोक जादा पाळ्यांत काम करत होते आणि इकडे बाजार समित्यांत लिलाव बंद पडले होते. तरी दोन वर्षांत साहेब विसरले, आणि खरं सांगायचं तर आठवायला मलाही क्षणभर लागला. घरी आले आणि ठरवलं, आकड्याशेजारी कारण लिहायचं. तेव्हापासून मी वर्तमानपत्र हातात पेन्सिल घेऊन वाचते. नवरा म्हणतो, शब्दकोडं सोडवतेस काय?

तर त्या रात्री शेठच्या जुन्या वह्या काढल्या. समासात ओळीने उतरत गेलं: १३ सप्टेंबर २०१९, कांद्याला टनामागे ८५० डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याहून स्वस्त बाहेर विकायचा नाही. २९ सप्टेंबर २०१९, निर्यातबंदी. १५ मार्च २०२०, उठली. १४ सप्टेंबर २०२०, पुन्हा बंदी. १ जानेवारी २०२१, उठली. १९ ऑगस्ट २०२३, ४० टक्के निर्यातशुल्क. २९ ऑक्टोबर, ८०० डॉलर. ८ डिसेंबर, बंदी. ४ मे २०२४, बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. १३ सप्टेंबर २०२४, किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५, शुल्क शून्य.

एका सरळ रेषेत वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की मी प्रत्येक बंदीच्या शेजारी विक्रीची घसरण लिहिली होती आणि प्रत्येक "उठली"च्या शेजारी काहीच लिहिलं नव्हतं. जणू उठली की सगळं पूर्ववत होतं. वही तसं म्हणत नव्हती. २०१९ च्या आधी लाल जाळीचा जो खप होता तो २०२१ ला पुन्हा आलाच नाही, दोन पायऱ्या खालीच थांबला. २०२३ नंतर आणखी खाली. विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात उतरतं आणि पावसाळ्यात चढतं, पण चढताना दर वर्षी एक परस कमी चढतं. रोज पाणी शेंदणाऱ्याला ते कळत नाही.

त्या ५५० डॉलरचं गणित मी तेव्हाच केलं होतं, अजून पाठ आहे. ५५० वर ४० टक्के म्हणजे २२० डॉलर. झाले ७७० डॉलर टनाला. तेव्हाच्या ८३ रुपयांच्या दराने किलोमागे ६४ रुपये, इथे न्हावाशेवाच्या बंदरातच. पुढे जहाजाचं भाडं. त्याच वेळी लासलगावला शेतकऱ्याला वीस रुपयेसुद्धा मिळत नव्हते. "बंदी उठवली" ही बातमी खरी होती. आमच्या सोसायटीतल्या काकूंनी मला अभिनंदनही केलं, जसं काही माझ्याच घरी कोणी परीक्षा पास झालं. पण दुबईतल्या दुकानदाराला पाकिस्तानचा कांदा स्वस्त पडत असेल तर तो ६४ रुपयांचा नाशिकचा कांदा का घेईल? चवीला चांगला आहे म्हणून? थोडे दिवस घेईल.

आणि तो थोडे दिवस घेतो हेच फसवं असतं.

माझ्या एका ट्रकमालक पक्षकाराच्या चार गाड्या २०१९ पर्यंत घोजाडांग्याला जायच्या, पश्चिम बंगालातल्या सीमेवर. पलीकडे बांगलादेश, तेव्हा आपल्या कांद्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. २०१९ ला अचानक बंदी आली तेव्हा त्यांची एक गाडी सीमेवर अकरा दिवस उभी होती. ताडपत्री काढली तेव्हा, त्यांच्याच शब्दांत, "गाडीतून पाणी निघालं." त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. भाषणात त्या हसत हसत म्हणाल्या की तुम्ही कांदा बंद केलात, मी आमच्या स्वयंपाक्याला सांगितलंय कांदा घालू नकोस. पुढच्या वेळी आधी कळवलंत तर बरं. सभागृहात हशा पिकला. आपण त्याची चित्रफीत एकमेकांना पाठवली. बांगलादेशाने मात्र इजिप्त आणि तुर्कस्तानातून कांदा मागवला, विमानाने सुद्धा, आणि मग आपल्या शेतकऱ्यांना कांदा लावायला प्रोत्साहन द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी आपण पुन्हा न सांगता बंदी घातली. मग तिसऱ्यांदा. आज त्यांचा स्वतःचा कांदा निघाला की ते आपल्याला परवानेच देत नाहीत. त्यांच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. यात त्यांचं काही चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेने हेच एकदा सोयाबीनचं केलं होतं. २७ जून १९७३ ला निक्सन सरकारने सोयाबीनची निर्यात रोखली, देशातली महागाई आवरायला. बंदी जेमतेम काही महिने टिकली, तीही लवकरच ढिली झाली. पण जपानचं जवळजवळ सगळं सोयाबीन अमेरिकेतून यायचं, आणि जपानी माणसाचं टोफू, मिसो, सोया सॉस सगळं त्यावर. जपान घाबरला. १९७४ ला त्यांचे पंतप्रधान तनाका ब्राझीलला गेले, आणि १९७९ पासून जपानच्या पैशाने ब्राझीलच्या सेराडो नावाच्या आंबट मातीच्या माळरानावर सोयाबीन उभं राहायला लागलं. आज जगात सगळ्यात जास्त सोयाबीन ब्राझील विकतो. अमेरिकेत १९७३ च्या उन्हाळ्यात सोयाबीन किती सेंटनी स्वस्त झालं हे आता कोणाला आठवत असेल? आपण फोडणीला जे सोयाबीन तेल घालतो त्यातलं बरंचसं ब्राझील-अर्जेंटिनाहूनच येतं. माझ्या आईच्या शेंगदाणा तेलाच्या डब्यात आणि निक्सनच्या कागदात काही नातं असेल असं मी कधी धरलं नव्हतं.

हे सगळं मी शेठना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दुबईवाला नाही येणार?" मी म्हटलं, येईल, पण आधीचा भाव नाही देणार आणि आधीइतका घेणार नाही. ते गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, ठीके."

इथे मला एक कबुली द्यायला हवी. सगळ्या नोंदी करणाऱ्या माझ्याकडून सगळ्यात महत्त्वाची नोंद निसटली होती.

७ डिसेंबर २०२३. गुरुवार. त्या रात्री कांद्याच्या निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिलाव बंद, चांदवडला महामार्गावर रास्ता रोको, न्हावाशेवाला कंटेनर अडकलेले. दादाचा पहिला लाल कांदा तेव्हा निघत होता. क्विंटलला चार हजाराच्या आसपास चाललेला भाव बघता बघता निम्म्यावर आला. दादाने सकाळी फोन केला तेव्हा तो शिव्या देत नव्हता, हे मला जास्त लागलं. "आता काय करू राहिले हे लोकं," एवढंच म्हणाला, जसं शेजारच्या पोरांबद्दल बोलतात. आमच्या वडिलांनी १९८० च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या आंदोलनात कांदा आणि उसाच्या भावासाठी रेल्वेरुळावर बसून लाठ्या खाल्ल्या होत्या. दादा रुळावर बसायच्या पिढीतला नाही. तो व्हॉट्सॲप बंद करून गोठ्यात गेला.

तर त्याच ७ डिसेंबरला आणखी एक आदेश निघाला होता. साखर कारखान्यांनी उसाच्या रसापासून इथेनॉल करू नये. पाऊस कमी, ऊस कमी, साखर महागेल, म्हणून. आठ-दहा दिवसांत त्यात थोडी ढील दिली, पण वर्षभर हात आखडताच राहिला. मी ती बातमी वाचली आणि पान उलटलं. माझ्याकडे ऊसवाला पक्षकार नाही. निफाडचा साखर कारखाना कित्येक वर्षं अडचणीत, आमच्या भागात ऊस आता नावाला. माझा काय संबंध?

ती बातमी मला दहा महिन्यांनी सिन्नर रस्त्यावरच्या पोल्ट्रीवाल्या भाऊंच्या खर्चात सापडली.

भाऊंकडे अंड्यांसाठीच्या आठ हजार कोंबड्या. करारावरच्या ब्रॉयलरवाल्यांना कंपनी खाद्य देते, अंडीवाल्याला आपलं खाद्य आपण करावं लागतं, आणि त्यात साठ टक्क्यांच्या आसपास मका. भाऊंच्या वहीत क्विंटलला एकवीसशे रुपयांचा मका चढत चढत पंचवीसशेच्या वर गेला होता. मी विचारलं, दुष्काळामुळे का? ते म्हणाले, "दुष्काळ तर हाये, पण मका आता कोंबड्या खाऊ नाही राहिल्या. गाड्या खाऊ राहिल्या." पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलेलं. उसाचा रस बंद केला म्हणून उद्दिष्ट थांबत नाही, मग मक्यापासून करा. जानेवारी २०२४ ला मक्याच्या इथेनॉलचा खरेदीदर लिटरला ७१.८६ रुपये केला. कारखाने मक्यावर तुटून पडले. जो देश वर्षानुवर्षं व्हिएतनाम-बांगलादेशाला मका विकत होता तो २०२४ मध्ये म्यानमार-युक्रेनचा मका घ्यायला लागला. आणि सिन्नर रस्त्यावरच्या आठ हजार कोंबड्यांपैकी अडीच हजार भाऊंनी मुदतीआधीच काढून टाकल्या.

साखर स्वस्त ठेवायच्या कागदाने अंडं महाग केलं, असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. आम्ही अंडी आणायला जातो तेव्हा दुकानदार म्हणतो, थंडी आहे ना, मागणी वाढलीय.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. दादाने, कांद्याने पोळलेल्या दादाने, २०२४ च्या खरिपात दोन एकर मका लावला. "कांद्याला दिल्ली बघते, मक्याकडं कोणाचं लक्ष नाही," हे त्याचं अर्थशास्त्र. त्या वर्षी पैसे बरे झाले. म्हणून यंदा साडेतीन एकर. येवला-निफाड-चांदवड पट्ट्यात बांधावरून बघितलं तर मक्याचाच समुद्र, कारण प्रत्येक दादाने तेच गणित केलेलं. पण मधल्या काळात आणखी एक निर्णय झाला होता. सरकारी गोदामात तांदूळ फार साठला, तो इथेनॉलवाल्यांना क्विंटलला २,२५० रुपयांनी देऊन टाकला. म्हणजे मक्याचा नवा गिऱ्हाईक तांदळाकडे वळला. उसाचा रसही पुन्हा मोकळा झाला. सप्टेंबरच्या पावसात दादाचा मका काळा पडला तो वेगळाच. २०२५ च्या हंगामात हमीभाव २,४०० आणि बाजारात सोळाशे-सतराशे.

भाऊ मात्र यंदा खुशीत आहेत. मका स्वस्त, आणि वर इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा चोथा. डीडीजीएस म्हणतात त्याला. प्रथिनं भरपूर, दर कमी, म्हणून भाऊंनी सोयाबीनची पेंड निम्मी केली. सगळ्यांनीच केली. पेंडीला उठाव नाही म्हणून सोयाबीनला भाव नाही. २०२४ ला हमीभाव ४,८९२ असताना माझ्या वहिनीच्या भावाने येवल्यात सोयाबीन चार हजाराने दिलं. त्याला मी हे सगळं समजावायला गेले, कांदा, ऊस, मका, चोथा, पेंड. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "ताई, म्हणजे माझं सोयाबीन तुमच्या भाऊच्या कोंबडीनं पाडलं?" मला हसू आलं आणि मग आलं नाही.

आता सोसायटीतल्या काकूंची बाजू. ती मी टाळली तर लबाडी होईल. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटो शंभर-दीडशेने घेतलाय मी. घरखर्चाचा हिशोबही मीच बघते. त्या ऑगस्टमध्ये सरकारने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत २,४१० रुपये क्विंटलने कांदा घेतला आणि शहरांत २५ रुपये किलोने विकला, तेव्हा गाडीसमोर रांगेत उभ्या असलेल्या बायका काही शेतकऱ्यांच्या वैरी नव्हत्या. माझी खानावळवाली पक्षकार बाई दिवसाला सहा किलो कांदा चिरते. साठ रुपयांचा कांदा तिला महिन्याला किती पडतो ते मला पैशापर्यंत माहीत आहे. १९९८ ला कांद्याने दिल्ली राज्याचं सरकार पाडलं असं म्हणतात. तेव्हापासून कुठलंही सरकार कांदा वर सरकला की घाबरतं. घाबरणं मी समजू शकते. आमच्या घरीही महिनाअखेर घाबरणं असतंच.

मला खटकतं ते दोन्ही हातांचं एकमेकांना न विचारता चालणं. कांदाचाळ बांधायला सरकार अनुदान देतं. २५ टनांच्या चाळीला टनामागे ३,५०० प्रमाणे ८७,५०० रुपये दादानेही घेतलेत, फोटो काढून, अर्जाला जोडून. चाळ म्हणजे काय? उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघतो, तो सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थांबवायचा, भाव आला की काढायचा. त्यात तीस-चाळीस टक्के सडतो, कोंब येतात, वजन घटतं, तेवढं धरूनच थांबायचं. आणि वरच्या तारखा पुन्हा बघा. १३ सप्टेंबर, २९ सप्टेंबर, १४ सप्टेंबर, १९ ऑगस्ट. थांबलेल्याला भाव मिळायची वेळ आली की कागद निघतो. एका खात्याने थांबायला पैसे दिले, दुसऱ्याने थांबण्याची शिक्षा दिली. यंदा दादाने चाळीच्या अर्ध्या भागात मक्याची कणसं टाकलीत, आणि उरलेल्या भागात मोटारसायकल. कांदा तो आता शेतातूनच विकतो, जो भाव असेल त्या भावाने. सगळेच तसं करायला लागले की एप्रिल-मेमध्ये बाजार तुंबतो आणि ऑक्टोबरात रिकामा होतो. मग काकूंना ऑक्टोबरात ऐंशीचा कांदा. अर्थात पाऊस आहेच, त्याचं माप मी सरकारच्या पदरात घालत नाही. पण पाऊस दर वर्षी येतो, चाळ एकदाच बांधतात आणि एकदाच तिच्यावरचा विश्वास उडतो.

धोरणाची मुळं नेहमी विषारीच निघतात असंही नाही. आमच्या जिल्ह्यात सटाणा-मालेगाव-देवळ्याकडे डाळिंब फोफावलं त्यामागे १९९० ची रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना होती. मजुरांना काम द्यायची योजना, आणि दहा वर्षांनी बघावं तर बंगले. पुढे तेल्या रोगाने त्या बागा बसवल्या ही गोष्ट निराळी. लासलगावचं विकिरण केंद्र, जिथे शेतमालावर किरणांचा मारा करतात, ते तर फारच गमतीचं. अणुऊर्जावाल्यांनी ते उभारलं कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. आणि ते देशात गाजलं कशाने? २००७ ला अमेरिकेला गेलेल्या हापूसने. कांद्याच्या गावातून आंबा अमेरिकेला गेला. ज्याने त्या केंद्राचा प्रस्ताव टाइप केला असेल त्याच्या स्वप्नातही आंबा नसेल.

एका गोष्टीची नोंद मात्र माझ्या कुठल्याच वहीत होत नाही, आणि तीच मला अलीकडे सारखी आठवते. २०२३ पर्यंत माझ्या एका खळेवाल्या पक्षकाराकडे निवडीला बेचाळीस बाया होत्या. चांगला कांदा एकीकडे, बारीक गोल्टी एकीकडे, चोपडा, काजळी आलेला वेगळा. परदेशी मालाला निवड कडक लागते, एकसारखा आकार लागतो, म्हणून बाया जास्त लागतात. देशी बाजाराला तेवढं लागत नाही. आता तिथे सतरा आहेत. मजुरीच्या खात्यात रक्कम कमी झालेली दिसते, आणि हिशोबाच्या दृष्टीने खर्च कमी होणं चांगलं. गेल्या वर्षी मी त्या खात्याशेजारी पेन्सिलीने "बचत" लिहिलं होतं. पंचवीस बाया गेल्या कुठे हे त्या खळेवाल्या शेठना विचारलं तर म्हणाले, काही द्राक्षाच्या डिपिंग-थिनिंगला जातात, काही सातपूरला पॅकिंगला, काही "घरीच असतील." त्यातली एक मावशी मला पिंपळगावच्या स्टँडवर भेटली. म्हटलं, मावशी, काय चाललंय? म्हणाल्या, "काय नाही, सुनेला कामाला लावलं, मी पोरं सांभाळते." नातवाला शाळेत घालायला निघाल्या होत्या, इंग्रजी माध्यमातून काढून गावच्या शाळेत. मी त्यांना कुठली तारीख सांगणार होते? ८ डिसेंबर?

"बचत" खोडून टाकलं. जागी काय लिहावं ते सुचलं नाही म्हणून ती जागा कोरी आहे.

परवा पुन्हा बारदानवाल्या शेठकडे गेले, आधीच वर्षाचा अंदाज बांधायला. हिशोबाचा नियम असा की शिल्लक माल खरेदीच्या किमतीला किंवा बाजारभावाला, जे कमी असेल त्याला दाखवायचा. लाल जाळीला आज बाजारात निम्मी किंमतही कोणी देत नाही. एकाने विचारलं होतं, लसणासाठी, पण त्याला उधारीवर हव्या होत्या. मी शेठना म्हटलं, मार्चला या गाठींची किंमत खाली आणावी लागेल.

शेठ बराच वेळ गाठींकडे बघत राहिले. त्यांचे वडील बारदान विकायचे तेव्हा तागाची पोती होती. जाळी यांनी आणली, २००४ मध्ये, पहिला कंटेनर भरला तेव्हा. भिंतीवर त्या कंटेनरसमोरचा फोटो आहे, सगळ्यांच्या कपाळाला गुलाल.

"किंमत खाली आणली म्हणजे तो माल गेलाच असं धरायचं ना?"

"हिशोबात तसंच."

"मग मार्चपर्यंत राहू द्या. लाल कांदा आता निघू राहिला. बांगलादेश परवाने देणार म्हणू राहिले."

बांगलादेशाला या छोट्या जाळ्या लागत नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी काही बोलले नाही. उंदरांनी खाल्लेली गाठ तेवढी वेगळी काढायला लावली आणि १३७ लिहिलं.